महाविद्यालयात वादग्रस्त वक्ता येतो तेव्हा : सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी निषेधाची पद्धत

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या एखाद्या महाविद्यालयात व्याख्यानाची नोटीस लागते, वक्त्याचे नाव वाचताच कुणीतरी त्याचे जुने विधान शोधून काढते आणि संध्याकाळपर्यंत विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कार्यक्रम उधळून लावायचा’ असे ठरलेलेही असते. विधान कधी सीमाप्रश्नावरचे असते, कधी शिवाजी महाराजांविषयीचे किंवा बसवण्णांविषयीचे, कधी आरक्षणावरचे, कधी धर्मावरचे. राग खरा असतो आणि बहुतेक वेळा त्याला कारणही असते. नोटीस लागल्यापासून व्याख्यान संपेपर्यंतच्या आठ-दहा दिवसांत त्या रागाचे काय करावे, कुणाला काय लिहून द्यावे आणि कोणत्या रेषेपाशी थांबावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

मूळ भूमिका आधीच स्पष्ट करतो. निषेध पूर्ण ताकदीने करावा. मात्र वक्त्याला बोलण्यापासून आणि श्रोत्याला ऐकण्यापासून रोखू नये. ही भूमिका कोणत्याही महाविद्यालयाला लागू पडते, पण सीमाभागातील मराठी विद्यार्थ्याजवळ ती घेण्याचे आणखी एक कारण आहे. ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल’ हे वाक्य आपल्याकडच्या सभांना परवानगी नाकारताना किती वेळा वापरले गेले, हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की, सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो. डिसेंबर २०२२ मध्ये तर खासदार धैर्यशील माने यांना बेळगाव जिल्ह्यातच प्रवेशबंदी करण्यात आली. बाहेरून येणाऱ्या वक्त्याच्या शब्दांमुळे शांतता बिघडेल, हाच त्यामागचा युक्तिवाद होता. तो युक्तिवाद आपल्याला अमान्य असेल, तर नावडता वक्ता आला म्हणून तेच वाक्य लिहून आपण प्राचार्यांकडे बंदी मागू शकत नाही. मागितली, तर पुढच्या वर्षी आपल्या पाहुण्याविरुद्ध आपलेच निवेदन पुरावा म्हणून पुढे केले जाईल.

बेळगावला हा अनुभव नवा नाही. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना बेळगावात केली आणि १ मे १९१६ रोजी येथे केलेले भाषण, तसेच त्यानंतरची अहमदनगरची दोन भाषणे, यांवरून त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजार रुपयांचा जातमुचलका मागण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो आदेश रद्द केला.

पहिली पायरी : वक्ता नेमके काय म्हणाला, ते तपासा

निषेधाचा पाया विधान असते आणि विधान बहुतेकदा तीस सेकंदांच्या चित्रफितीतून आपल्यापर्यंत पोचते. आपल्या भागात त्यात आणखी एक अडचण असते. भाषण कन्नडमध्ये झालेले असते आणि चित्रफितीखाली मराठी ओळी कुणीतरी आपल्या मर्जीने घातलेल्या असतात. याच्या उलटही तितकेच घडते. म्हणून पहिल्या दिवशी एवढेच काम करावे : मूळ भाषण शोधावे, ते संपूर्ण ऐकावे आणि वादग्रस्त वाक्य आगेमागेच्या चार-पाच वाक्यांसह, मूळ भाषेत, तारीख आणि ठिकाण नोंदवून कागदावर उतरवावे. दोन्ही भाषा उत्तम जाणणाऱ्या दोघांनी वेगवेगळे भाषांतर करून ते ताडून पाहावे. बेळगावात असे दोघे सापडणे अवघड नाही. बहुतेकांनी शाळेत कन्नड शिकलेले असते आणि अनेकांचे आजोळच कन्नड घरात असते.

मग त्या वाक्याची प्रतवारी करावी. ते आपल्याला चुकीचे वाटते, अपमानास्पद वाटते की कायद्याने गुन्हा ठरते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि निषेधाच्या बैठकीत त्यांचा सर्रास घोळ घातला जातो. राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मधील भाषणस्वातंत्र्यावर कलम १९(२) नुसार वाजवी निर्बंध घालता येतात; त्यात सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, अब्रुनुकसानी, गुन्ह्यास चिथावणी अशी ठरावीक कारणे आहेत. ‘आमच्या भावना दुखावल्या’ हे त्या यादीतील स्वतंत्र कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धर्म, जन्मस्थान, निवास, भाषा अशा आधारांवर गटागटांत वैर वाढवणे कलम १९६ खाली, धार्मिक भावनांचा हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने अपमान करणे कलम २९९ खाली, तर अफवा व चिथावणीखोर मजकूर पसरवणे कलम ३५३ खाली येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी असे तीन टप्पे वेगळे केले. पहिले दोन टप्पे, मत कितीही अप्रिय असले तरी, घटनेने संरक्षित आहेत. निर्बंधाचा प्रश्न तिसऱ्या टप्प्यावर येतो. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना न्यायालयाने असेही म्हटले, की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, समंजस माणसाच्या कसोटीवर जोखावा. सतत असुरक्षित वाटणाऱ्याच्या कसोटीवर नव्हे.

वाक्य खरोखर तिसऱ्या वर्गातले असेल, म्हणजे ‘अमुक लोकांना मारा, हुसकावून लावा’ अशा थराचे असेल, तर उतरवून घेतलेल्या मजकुरासह पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. ते काम निदर्शनांपासून वेगळे ठेवावे. पहिल्या दोन वर्गांतले असेल, तर पुढच्या पायऱ्या आहेत.

दुसरी पायरी : मागणी ठरवा

‘व्याख्यान रद्द करा’ ही सर्वांत सोपी आणि सर्वांत दुबळी मागणी आहे. सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन प्रकरणात १९८९ मध्येच सांगितले आहे, की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येणार नाही आणि विरोधी जमावाला आवरण्याची असमर्थता शासनाने सबब म्हणून पुढे करू नये. दुसरे असे, की रद्द झालेल्या व्याख्यानाचा वक्ता आयता हुतात्मा होतो. दिल्लीच्या रामजस महाविद्यालयात फेब्रुवारी २०१७ मध्ये एका चर्चासत्रातील वक्त्याला विरोध झाला, निमंत्रण मागे घेतले गेले, दुसऱ्या दिवशी आवारात मारामारी झाली. एका महाविद्यालयाच्या सभागृहात जे ऐकले गेले असते, त्याची चर्चा देशभर झाली.

त्याऐवजी अशा मागण्या कराव्यात, ज्या नाकारताना महाविद्यालयालाच अवघड वाटेल. व्याख्यानानंतर किमान अर्धा तास खुली प्रश्नोत्तरे असावीत; प्रश्न मराठी, कन्नड, हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत विचारता यावेत; अध्यक्षस्थानी वक्त्याचा समर्थक नसलेली व्यक्ती असावी; विद्यार्थ्यांवर उपस्थितीची सक्ती किंवा हजेरीच्या गुणांचे आमिष नसावे; आणि पंधरा दिवसांच्या आत त्याच सभागृहात, त्याच अटींवर, विरुद्ध बाजूच्या वक्त्याचे व्याख्यान ठेवता यावे. उपस्थितीच्या सक्तीचा मुद्दा अनेकदा निसटतो. सभागृह भरावे म्हणून शेवटचे दोन तास रद्द करून संपूर्ण वर्ग खाली नेऊन बसवण्याची रीत अनेक महाविद्यालयांत आहे. न ऐकण्याचे स्वातंत्र्य हेही स्वातंत्र्य आहे आणि ते मागणे पूर्णपणे रास्त आहे.

एक फरक मात्र करावा. वक्त्याला बोलायला बोलावणे वेगळे आणि त्याला महाविद्यालयाच्या वतीने पुरस्कार देणे किंवा पदवीप्रदान समारंभाचे प्रमुख पाहुणेपद देणे वेगळे. सन्मान ही संस्थेची निवड असते. तिच्यावर आक्षेप घेऊन ‘हा सन्मान देऊ नका’ म्हणणे म्हणजे कुणाचे तोंड बंद करणे नव्हे.

तिसरी पायरी : जागा कुणाच्या हद्दीत येते ते पाहा

राणी चन्नम्मा विद्यापीठ किंवा विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ ही शासकीय विद्यापीठे आहेत. घटनेतील मूलभूत हक्क त्यांच्यासमोर थेट मांडता येतात. खासगी संस्थेच्या महाविद्यालयाचे आवार ही संस्थेची जागा असते आणि तेथे आधी माहितीपुस्तिकेतील शिस्तीचे नियम वाचावे लागतात. प्रवेश घेताना पालकांच्या सहीने दिलेल्या हमीपत्रात ‘आवारात निदर्शने करणार नाही’ असे वाक्य असेल, तर ते आधी माहीत असलेले बरे. अशा ठिकाणी आवारात काळ्या फिती आणि लेखी निवेदन, तर फाटकाबाहेर फलक, अशी विभागणी करावी.

हद्दीचा प्रश्न आपल्याकडे किती गंमतीदार असतो, याचे उत्तम उदाहरण निपाणीजवळ आहे. निपाणीला खेटून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, कागल तालुक्यात येते आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. विद्यार्थी मात्र निपाणी परिसरातूनही येतात. निपाणीत मोर्चा सुरू करून महाविद्यालयाच्या फाटकाशी संपवायचा असेल, तर अर्धा रस्ता कर्नाटक पोलिसांचा आणि अर्धा महाराष्ट्र पोलिसांचा होतो. दोन अर्ज, दोन परवानग्या आणि दोन मनाई आदेशांची चौकशी हे सारे आले. त्यापेक्षा फाटकापाशीच जमावे आणि तेथूनच पांगावे.

बेळगाव शहरात पोलिस आयुक्तालय आहे, ग्रामीण भागात जिल्हा पोलिस अधीक्षकांची यंत्रणा. राणी चन्नम्मा विद्यापीठाचे भुतरामनहट्टीचे आवार राष्ट्रीय महामार्गालगत आहे. तेथे रस्त्यावर उतरण्याचा विचारही करू नये. एक तर जिवाला धोका, आणि दुसरे म्हणजे २०२० च्या शाहीनबाग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवून ठेवण्याचा हक्क मान्य केलेला नाही. ध्वनिक्षेपकाचा मोह टाळावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार त्याला लेखी परवानगी लागते आणि शैक्षणिक संस्थांभोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित असेल, तर तीही मिळत नाही. घशाने दिलेल्या घोषणा पुरेशा असतात.

चौथी पायरी : अर्ज आणि पोच

येथे घाई करू नये, कारण पुढे काहीही घडले तरी हाच कागद उपयोगी पडतो. किमान चार-पाच दिवस आधी दोन अर्ज द्यावेत, एक प्राचार्यांना आणि एक संबंधित पोलिस ठाण्याला. पोलिसांच्या अर्जात दिवस, वेळ, नेमकी जागा, अपेक्षित संख्या, दोन जबाबदार व्यक्तींची नावे व मोबाइल क्रमांक एवढे असावे आणि एक परिच्छेद साधारण असा असावा : ‘आमची निदर्शने सकाळी दहा ते साडेअकरा या वेळेत, महाविद्यालयाच्या मुख्य फाटकाच्या डाव्या बाजूस, फलक घेऊन होतील. वक्त्यांच्या येण्याजाण्याच्या मार्गात, तसेच श्रोत्यांच्या प्रवेशात आम्ही कोणताही अडथळा आणणार नाही. व्याख्यान व्हावे आणि आमचा निषेधही नोंदला जावा, अशी आमची भूमिका आहे.’ शेवटचे वाक्य मुद्दाम ठेवावे. ठाण्यातल्या साहेबांनी असा अर्ज क्वचितच वाचलेला असतो आणि बंदोबस्ताची पद्धत त्यामुळे बदलू शकते.

अर्ज कोणत्या भाषेत द्यायचा? राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, त्यामुळे मराठीतला अर्ज स्वीकारण्यास नकार देणे योग्य नाही. तरीही माझा सल्ला असा, की मराठी अर्जासोबत कन्नड प्रत जोडावी. हक्क सोडण्याचा येथे प्रश्न नाही. ठाण्यातील ज्या हवालदाराला तो वाचून वर पाठवायचा आहे, त्याला तो समजला पाहिजे आणि ‘काय लिहिलंय ते कळलं नाही’ ही सबब उरता कामा नये. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नये. पोच मिळत नसेल, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावा.

परवानगी नाकारली, तर कारण लेखी मागावे. हिंमतलाल शाह प्रकरणात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रस्त्यावरील सभांचे नियमन पोलिसांना करता येते, पण सरसकट मनाईचा अमर्याद अधिकार त्यांच्या हाती देता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा मनाई आदेश, म्हणजे ज्याला आपण अजूनही ‘१४४’ म्हणतो तो, लागू असेल, तर ऐकीव माहितीवर न थांबता त्याची प्रत मिळवावी. त्यावर कुणाची सही आहे, तो कोणत्या क्षेत्रापुरता आहे, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत आहे आणि किती जणांच्या जमावाला बंदी आहे, हे वाचावे. अनुराधा भसीन प्रकरणात २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी ते वापरता येत नाहीत. आदेश अन्यायकारक वाटला, तर धारवाडला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. वकिलामार्फत तेथे जावे. आदेश लागू असताना तो मोडून जमणे हा न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा आहे. जाणूनबुजून सत्याग्रह करायचा असेल, तर तो प्रत्येकाने स्वतंत्रपणे, परिणाम माहीत करून घेऊन ठरवावा; पहिल्या वर्षाच्या मुलांना गर्दीसाठी त्यात ओढू नये.

पाचवी पायरी : फलक, फिती आणि मजकूर

कामेश्वर प्रसाद प्रकरणात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांततापूर्ण निदर्शने हा अभिव्यक्तीचाच प्रकार मानला. म्हणजे वक्त्याचा हक्क आणि आपला हक्क एकाच कलमातून येतात. त्या हक्काचा कस फलकावरच्या मजकुरात लागतो.

समजा, वक्त्याने पूर्वी म्हटले आहे, ‘सीमाभागातील मराठी शाळांवर होणारा खर्च वाया जातो.’ यावर पहिल्याच झटक्यात सुचणारा फलक वक्त्याच्या भाषेला, जातीला किंवा गावाला शिवी देणारा असतो. असा एक फलक छायाचित्रात आला, की निषेधाचा विषय शाळा राहत नाही, मराठी विरुद्ध कन्नड होतो आणि ज्या कन्नड मित्राला आपला मुद्दा पटला असता, तोही फाटकाच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. त्याऐवजी मोठ्या अक्षरांत लिहावे : ‘घटनेचे कलम ३५०-क : प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून. हा खर्च वाया कसा?’ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याविषयीचे हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. ज्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेने आपण कर्नाटकात, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो, त्याच वर्षी. हाच मजकूर कन्नड आणि इंग्रजीतही असावा. तीन भाषांतले फलक शेजारीशेजारी असले, की वार्ताहरालाही बातमीचा रोख वेगळा द्यावा लागतो.

फलकाशिवाय साधने पुष्कळ आहेत : काळ्या फिती, तोंडावर पट्टी, दारात पत्रके वाटणे, सभागृहातून शिस्तीत उठून जाणे, वक्ता बोलत असताना फाटकाबाहेर त्याच विषयावर समांतर सभा घेणे. पुतळा जाळू नये. कायद्याचे काय ते असो, आग आणि गर्दी एकत्र आणणे शहाणपणाचे नाही. काळे फासणे, शाई फेकणे, चप्पल फेकणे हे मतप्रदर्शन नसून अंगावर हात टाकणे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावात समितीचे नेते दीपक दळवी यांच्या तोंडाला काळे फासले गेले, तेव्हा येथे काय वाटले ते आठवावे. मुंबईत ऑक्टोबर २०१५ मध्ये सुधींद्र कुलकर्णी यांनी ठेवलेल्या एका पुस्तक प्रकाशनाला विरोध म्हणून त्यांच्यावर शाई फेकली गेली आणि ते त्याच माखलेल्या तोंडाने पत्रकारांसमोर बसले. पुस्तकाचे प्रकाशन झालेच, आणि ज्यांनी त्या पुस्तकाचे नाव ऐकले नव्हते, त्यांनीही ऐकले.

घोषणांमध्ये ‘धडा शिकवू’, ‘परत जाऊ देणार नाही’, ‘बघून घेऊ’ हे शब्द पूर्ण वर्ज्य करावेत. इतर ठिकाणी ते पोकळ असतील. आपण कोल्हापूर आणि धारवाड यांच्या मधोमध राहतो. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घरी गोळी घालण्यात आली. दोघेही वादग्रस्त ठरवले गेलेले वक्ते होते. त्यानंतर या पट्ट्यात वक्त्याला दिलेली धमकी, देणाऱ्याच्या मनात काहीही असो, ऐकणाऱ्याला थट्टा वाटणार नाही.

सहावी पायरी : सभागृहातली रेषा

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून एक परदेशी प्रसंग जरा तपशिलाने सांगतो. अमेरिकेतील मिडलबरी महाविद्यालयात २ मार्च २०१७ रोजी चार्ल्स मरे यांचे व्याख्यान होते. वंश आणि बुद्धिमत्ता यांविषयीच्या त्यांच्या लेखनामुळे विद्यार्थी संतापलेले होते. ते बोलायला उभे राहताच विद्यार्थी उठले आणि त्यांनी वक्त्याकडे पाठ फिरवली. तेवढ्यावर ते थांबले असते, तर निषेधाचे ते नमुनेदार उदाहरण ठरले असते. पण घोषणा थांबेचनात, भाषण अशक्य झाले आणि वक्त्याला दुसऱ्या खोलीत नेऊन तेथून कॅमेऱ्याद्वारे कार्यक्रम करावा लागला. बाहेर पडताना झालेल्या धक्काबुक्कीत त्यांच्यासोबतच्या प्राध्यापक ॲलिसन स्टँगर यांच्या मानेला दुखापत झाली. वास्तविक त्या मरे यांना कठीण प्रश्न विचारण्यासाठीच व्यासपीठावर आल्या होत्या.

रेषा यावरून काढता येते. एखाद्या वाक्यावर ‘खोटं आहे’ असा आवाज उठणे, हशा होणे, नापसंतीचा गलका होऊन शमणे, हे कोणत्याही जिवंत सभेत चालते आणि त्यावरून विद्यार्थ्याला शिक्षा करणे हा कोतेपणा आहे. वक्त्याचे पुढचे वाक्य शेजारच्याला ऐकूच येऊ नये इतका आणि इतका वेळ आवाज करणे, ध्वनिक्षेपकाची तार काढणे, दिवे घालवणे, व्यासपीठावर चढणे, हे पलीकडचे. फलक घेऊन थांबायचे असेल, तर मागच्या रांगेत किंवा भिंतीलगत उभे राहावे, म्हणजे मागच्यांची दृष्टी अडत नाही. उठून जायचे असेल, तर मधल्या वाटेच्या कडेची आसने आधीच धरावीत, ठरलेल्या वाक्यानंतर उठावे आणि दोन मिनिटांत बाहेर पडावे. मात्र सगळ्यांनी उठू नये. प्रश्न विचारणारे चार-पाच जण आत राहिलेच पाहिजेत.

प्रश्न आधी लिहून, वाचून, कापून छोटा करावा. उदाहरणार्थ : ‘आपण अमुक तारखेला अमुक ठिकाणी असे म्हणालात की मराठी शाळांवरचा खर्च वाया जातो. कलम ३५०-क राज्याला मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगते. हे कलम रद्द व्हावे, असे आपले मत आहे का?’ अर्ध्या मिनिटात संपणारा, ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मागणारा हा प्रश्न दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा जड जातो. आपल्याकडे प्रश्नाच्या नावाखाली प्रतिभाषण करण्याची हौस फार आहे. अध्यक्षाने ध्वनिक्षेपक काढून घेतला, की विचारणारा दडपशाहीचा बळी ठरतो आणि मूळ प्रश्न राहून जातो.

सातवी पायरी : माणसे सांभाळा

प्रत्येक पंचवीस-तीस जणांमागे दंडावर पांढरी फीत बांधलेला एक स्वयंसेवक असावा. पोलिसांशी बोलणारी व्यक्ती एकच असावी आणि तिला कन्नड चांगले यावे. फाटकातून आत जाणाऱ्या माणसाला अडवणे हा न्याय संहितेच्या कलम १२६ खाली अन्यायाने अडवणुकीचा गुन्हा आहे, हे सर्वांना आदल्या दिवशी सांगावे. त्याहून महत्त्वाचे त्याच संहितेचे कलम १९०. पाच किंवा अधिक जणांचा जमाव बेकायदेशीर ठरला, तर त्याच्या समान उद्दिष्टासाठी एकाने केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी तेथे हजर असलेल्या प्रत्येक सभासदावर येऊ शकते. ‘दगड मी मारलाच नाही’ एवढे म्हणून भागत नाही. पासपोर्टच्या किंवा सरकारी नोकरीच्या पडताळणीत अशी नोंद वर्षानुवर्षे आडवी येते.

बाहेरच्या संघटना पाठिंबा द्यायला येतात, तेव्हा अडचण होते. नाही म्हणणे जड जाते, कारण त्यांत गल्लीतलेच मोठे असतात, कुणाचे काका असतात. आदल्या दिवशीच त्यांना घरी जाऊन भेटावे आणि स्पष्ट सांगावे : ‘काका, तुम्ही आलात तर आनंदच आहे, पण फलक आमचे, घोषणा आमच्या आणि वेळ संपली की आपण सगळ्यांनी निघायचं.’ तरीही कुणी दगड उचलला किंवा कन्नड फलकाकडे धावला, तर आपल्या लोकांनी तेथेच खाली बसावे. उभ्या गर्दीत कोण कुठला ते कळत नाही, बसलेल्यांत चटकन कळते. स्वयंसेवकाने घटनेचे चित्रीकरण करावे आणि पोलिसांना ती व्यक्ती आपल्यातली नसल्याचे लगेच सांगावे.

वक्त्याच्या समर्थकांनाही फाटकाबाहेर उभे राहण्याचा तितकाच हक्क आहे. दोन गटांमध्ये अंतर आणि मध्ये पोलिस, एवढी व्यवस्था अर्जातच सुचवावी. त्यांच्याकडून शिवीगाळ झाली तर उत्तर देऊ नये, नोंद घ्यावी.

मोबाइलबद्दल थोडेच. निदर्शनांच्या काळात ग्रुपवर फक्त संयोजकांनाच लिहिता येईल अशी सोय करावी, वक्त्याचा क्रमांक किंवा मुक्कामाचे ठिकाण टाकणाऱ्याला तत्काळ काढावे आणि कापलेली चित्रफीत पुढे पाठवू नये.

व्याख्यानानंतर

त्याच संध्याकाळी बातमीपत्रक मराठीबरोबरच कन्नड दैनिकांनाही द्यावे. त्यात वक्त्याचे विधान, आपला आक्षेप, विचारलेला प्रश्न आणि त्याला मिळालेले उत्तर एवढेच असावे. वक्त्याने आपली भूमिका बदलली किंवा सौम्य केली असेल, तर तेही लिहावे. फाटकाबाहेर पडलेली पत्रके आणि पाण्याच्या बाटल्या आपण उचलाव्यात. दुसऱ्या दिवशी शिपायाने प्राचार्यांना दाखवायला काही उरू नये. विरुद्ध बाजूच्या व्याख्यानाचा अर्ज आठवड्याच्या आत द्यावा, कारण नंतर परीक्षा येतात आणि विषय थंड पडतो.

एखाद्या विद्यार्थ्याला शिस्तभंगाची नोटीस आली, तर कार्यालयात तोंडी माफी मागून मोकळे होण्याचा दबाव येतो, बहुतेकदा घरूनच. नोटिशीत नेमके कोणते कृत्य आणि कोणता नियम नमूद केला आहे, हे लेखी विचारावे, मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि आपल्या वर्तनाचे चित्रीकरण सोबत जोडावे. त्या विद्यार्थ्याने खरोखर दार अडवले असेल, तर त्याचा बचाव करताना ‘ते आमच्या ठरलेल्या पद्धतीविरुद्ध होते’ हेही संघटनेने मान्य करावे. सगळेच खोटे म्हटले, तर बाकीच्यांचे खरेही कुणी मानत नाही.

अर्जांच्या पोचपावत्या, मनाई आदेशाची प्रत, मूळ भाषणाचा उतारा, फलकांची छायाचित्रे, प्रश्न आणि बातम्यांची कात्रणे एका फायलीत लावून ती पुढच्या वर्षाच्या प्रतिनिधींकडे द्यावी. आपण बोलावलेल्या मराठी लेखकाच्या किंवा वक्त्याच्या व्याख्यानाला ‘विरोध होण्याची शक्यता’ म्हणून सभागृह नाकारले जाईल, तेव्हा प्राचार्यांसमोर, आणि वेळ आली तर धारवाडच्या खंडपीठासमोर, ही फाइल ठेवता येते. नावडत्या वक्त्याचे व्याख्यान याच सभागृहात झाले, आम्ही बाहेर उभे होतो आणि दार उघडे होते, याचा तारीखवार पुरावा तीत असतो.